रकान्यातली श्राविका



गेले काही दिवस आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच निरोप फिरतो आहे. जनगणना येते आहे, धर्माच्या रकान्यात न विसरता 'जैन' लिहा. खाली हात जोडलेली चित्रं आणि 'किमान दहा जणांना पाठवा'. २०२१ची जनगणना कोरोनामुळे राहून गेली. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून ती होणार आहे आणि या वेळी जातही विचारणार आहेत. त्यामुळे चतुर्थ लिहायचं का पंचम, का नुसतं जैन, यावरही वाद रंगले आहेत.

परवा महिला मंडळात स्वाध्याय झाल्यावर हाच विषय निघाला. मी सहज विचारलं, "धर्माचं ठरलं. पण कामाच्या रकान्यात आपण काय सांगायचं?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एक जण हसून म्हणाली, "त्यात काय ठरवायचं काकू? आपण घरीच तर असतो."

'घरीच असते.' हे दोन शब्द मी पंचेचाळीस वर्षांपूर्वीही ऐकले होते.

फेब्रुवारी १९८१. माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. बी.कॉम.चा निकाल हातात होता, हळद उतरायच्या आत लग्न लागलं म्हणून पुढचं शिक्षण राहिलं होतं. सांगलीत आमची हळदीची अडत. सोप्यात मामंजी बसले होते आणि समोर जनगणनेला आलेले मास्तर. मी आतून चहा घेऊन आले तेव्हा मास्तरांनी विचारलं, "धर्म?" मामंजी म्हणाले, "हिंदू लिहा की." मास्तर थांबले. दारावरचं तोरण, भिंतीवरचं बाहुबलींचं चित्र त्यांना दिसत होतं. ते म्हणाले, "जैन ना आपण?" मामंजींनी हात उडवला, "एकच ते. लिहा काय लिहायचं ते."

मग माझ्याकडे बोट करून मास्तर म्हणाले, "सूनबाई काय करतात?"

"काही नाही. घरीच असते."

त्या वेळी रोज रात्री जेवणं उरकल्यावर अडतीची किर्द मी लिहीत होते. पहिल्याच आठवड्यात मामंजींनी माझं अक्षर बघून ते काम माझ्याकडे दिलं होतं. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, अडत, उचल सगळं मी किर्दीतून खतावणीत ओढत होते. पण मलाही तेव्हा त्या उत्तरात काही चुकीचं वाटलं नाही. कपबश्या उचलून मी आत गेले.

पुढं पुष्कळ वर्षांनी, मुली मोठ्या झाल्यावर, मी जनगणनेबद्दल मिळेल ते वाचायला लागले. हिशेबाची सवय होतीच. तेव्हा समजलं की त्या सकाळी सोप्यात दोन प्रश्न विचारले गेले आणि दोन्हींची उत्तरं चुकीची लागली. आणि अशाच लाखो सोप्यांतून जे कागद गोळा होतात, त्यातून एक समाज स्वतःचं तोंड बघतो.

धर्माच्या रकान्यापासून सुरुवात करते.

देशभर जनगणनेचा पहिला प्रयत्न १८७२च्या सुमाराचा. त्या वेळच्या कोष्टकात बौद्ध आणि जैन एकाच रकान्यात घातले होते. युरोपातल्या बऱ्याच पंडितांचा तेव्हा समज होता की जैन म्हणजे बौद्धांचीच एक फुटलेली फांदी. पुढं १७ फेब्रुवारी १८८१ रोजी जवळपास सबंध हिंदुस्थानात एकाच वेळी माणसं मोजली गेली. सुमारे २५ कोटी माणसं निघाली. त्यात जैनांचा रकाना वेगळा होता आणि आकडा होता १२ लाख २२ हजारांच्या आसपास. त्याच सुमारास हर्मन याकोबी या जर्मन पंडितानं १८७९ मध्ये कल्पसूत्राची संहिता छापली आणि १८८४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर दिलं. जैन ही बौद्धांची शाखा नाही, ती स्वतंत्र आणि जुनी परंपरा आहे, हे त्यानं पुराव्यानिशी मांडलं. या कल्पसूत्राकडे मी शेवटी परत येणार आहे, लक्षात ठेवा.

गंमत अशी की हे इंग्रज त्यांच्या स्वतःच्या देशात हा प्रश्न विचारत नव्हते. १८५१ साली एकदा त्यांनी चर्चमध्ये किती लोक येतात ते मोजलं, त्यावरून वाद झाले आणि विषय बंद झाला. इंग्लंडच्या जनगणनेत माणसाला त्याचा धर्म विचारला गेला तो थेट २००१ मध्ये, आणि तोही उत्तर द्यायचं तर द्या अशा अटीवर. आपल्याकडे मात्र पहिल्यापासून प्रत्येक माणसाला एक धर्म हवाच, आणि एकच हवा.

आता आपल्या आजी-पणज्यांचा विचार करा. त्यांना कोणी 'तुम्ही कोण?' विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या? आधी गावाचं नाव. मग चतुर्थ, पंचम, कासार, सैतवाळ. मग गुरूचा मठ, म्हणजे नांदणीचा का कोल्हापूरचा. कुंभोजचा शेतकरी, मुंबईचा कच्छी व्यापारी, नगरचा मारवाडी ओसवाल हे कधी एका पंगतीला बसले नव्हते. त्यांची भाषा वेगळी, मंदिर वेगळं, रोटी-बेटी वेगळी. जनगणनेच्या कोष्टकात मात्र ते एका ओळीत आले. मी असं म्हणत नाही की इंग्रजांनी जैन तयार केले. धर्म तर होताच. पण 'आपण सगळे मिळून इतके इतके आहोत' हे वाक्य म्हणता यायला कोणीतरी बेरीज मारावी लागते. ती बेरीज १८८१च्या आधी कोणाकडे नव्हती.

आणि एकदा बेरीज समजली की काळजीही सुरू होते. १८९१ मध्ये जैन १४ लाख १७ हजारांच्या घरात होते. १९०१ मध्ये साधारण १३ लाख ३४ हजार. १९११ मध्ये साडेबारा लाखांच्याही किंचित खाली. १९२१ मध्ये पावणेबारा लाखांच्या जवळ. तीस वर्षांत सहातला एक माणूस कमी झाला. १८९६ पासून प्लेग होता, १८९९-१९०० मध्ये छपन्नचा दुष्काळ पडला, १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. त्यात किती तरी घरांनी आमच्या मामंजींसारखं 'हिंदू' सांगितलं असणार, तो भाग वेगळा. पण समाजातल्या शिकलेल्या मंडळींना हे आकडे झोपू देईनात.

याच काळात आपली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा उभी राहिली, १८९९ मध्ये. अण्णासाहेब लठ्ठ्यांसारखे लोक पुढं आले, बोर्डिंगं निघाली. १९१४ मध्ये दिगंबर जैनांची एक मोठी डिरेक्टरी निघाली. म्हणजे सरकारचा आकडा पुरेना म्हणून समाजानं स्वतःच स्वतःला मोजलं. त्यात दिगंबरांच्याच ऐंशीहून अधिक जाती निघाल्या आणि कित्येक जातींत तर पाचशे माणसंही नव्हती. एवढ्याशा जातीत मुलाला मुलगी मिळणार कशी? जनगणनेच्या कोष्टकांत धर्माप्रमाणे आणि वयाप्रमाणे विधवांचेही आकडे छापून येत. कोवळ्या वयाच्या मुली त्या रकान्यात होत्या. बालविवाह थांबवा, पोटजाती मोडा, मुली शिकवा, नाहीतर समाज उरणार नाही, हे सुधारकांचं म्हणणं या आकड्यांवर उभं होतं. मुंबईत मगनबेन यांनी जैन विधवा-परित्यक्तांसाठी श्राविकाश्रम चालवला तो याच काळातला.

जी गोष्ट घराघरांत रडून संपत होती, ती आकडा झाल्यावर सगळ्या समाजाची झाली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एका घरातली बालविधवा म्हणजे त्या घराचं नशीब. हजारो घरांतल्या बालविधवांची बेरीज म्हणजे आपली चूक.

पण आकडा हा नुसता आरसा नसतो. आपण काय उत्तर देतो त्यावरही तो हलतो. सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. १९५१ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये ते झाले सुमारे २७ लाख ९० हजार. मधे १९५६ साल आलं, नागपूरची दीक्षाभूमी आली. माणसं तीच होती. त्यांनी स्वतःबद्दलचं उत्तर बदललं आणि कागदावर एक नवा समाज उभा राहिला.

आपलं उदाहरण इतकं भव्य नाही, पण बोलकं आहे. १९७१ मध्ये देशात जैन होते २६ लाखांच्या आसपास, १९८१ मध्ये ३२ लाख. पुढच्या दहा वर्षांत वाढ झाली जेमतेम दीड लाखाची, १९९१ मध्ये साडेतेहतीस लाख. मग २००१ मध्ये एकदम सव्वाबेचाळीस लाख, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ पावणेनऊ लाखांची भर, शेकडा २६. आणि २०११ मध्ये साडेचव्वेचाळीस लाख, म्हणजे भर फक्त सव्वादोन लाखांची. त्यातले १४ लाख तर एकट्या महाराष्ट्रात.

तुम्हीच सांगा, पाळणे असे कधी हलतात का? दहा वर्षं थांबतात, दहा वर्षं धावतात, परत थांबतात? कोणत्याही खतावणीत अशी उडी दिसली की आम्ही कॉमर्सवाले आधी नोंद तपासतो. इथं जन्ममृत्यूपेक्षा 'धर्म?' या प्रश्नाचं उत्तर जास्त हललं, असंच मानावं लागतं. नव्वदच्या दशकात अल्पसंख्याक दर्ज्याची चर्चा समाजात जोरात होती. २००१ च्या गणनेच्या वेळी 'जैन लिहा' असा प्रचारही झाला. आमच्या घरी त्या वर्षी मामंजी नव्हते. यजमानांनी ठासून 'जैन' सांगितलं. आमच्या घरातली माणसं एकानं कमी झाली होती, आणि जैन मात्र पाचानं वाढले. पुढं २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्रानं जैनांना अल्पसंख्याक म्हणून जाहीर केलं.

धर्माच्या रकान्याची गोष्ट इथं संपते. त्याच्या शेजारी आणखी रकाने असतात, आणि त्यांच्याबद्दलचा निरोप ग्रुपवर कोणी पाठवत नाही.

२००४ मध्ये जनगणनेनं पहिल्यांदाच धर्मवार तपशील एकत्र छापला. २००१च्या गणनेचा. त्यात जैनांची साक्षरता निघाली ९४.१ टक्के, देशात सगळ्यात जास्त. स्त्रियांचीही ९०.६. देशातल्या स्त्रियांची त्या वेळी ५४च्या आत होती. आपल्याकडे सत्कार झाले, प्रवचनात उल्लेख झाले. मलाही अभिमान वाटला. माझ्या आईला सही करता येत नव्हती, आणि मी पदवीधर. त्या ९०.६ मध्ये मी होते.

त्याच पुस्तकात पुढं आणखी दोन आकडे होते.

एक, शून्य ते सहा वयाच्या मुलांत हजार मुलग्यांमागे मुली किती. देशाची सरासरी ९२७. जैनांत ८७०. आपल्यापेक्षा कमी फक्त शिखांत होता.

हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कारण मला तो कुठून आला ते माहीत होतं.

१९८६ची गोष्ट. तोपर्यंत कायदा झालेला नव्हता. गर्भलिंग तपासणीवर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं केला तो १९८८ मध्ये, आणि देशाचा कायदा १९९४चा. आमच्या नात्यातली एक, तिला दोन मुली. तिसऱ्यांदा दिवस गेले. 'पाण्याची तपासणी' करायला दुसऱ्या गावी जायचं ठरलं. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मला पाठवलं. मी डबा केला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि तिला आवडतो म्हणून थोडा गोड सांजा. पाणी गाळून बाटलीत भरून घेतलं. नंतर पुन्हा एकदा गेलो. येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिला म्हणाले, "होईल सगळं नीट." एवढंच म्हणाले.

त्या रात्री मी रोजच्यासारखं प्रतिक्रमण केलं. चालताना, बसताना, उठताना माझ्याकडून एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जो कोणी जीव दुखावला असेल त्याची क्षमा मागितली. पाणी गाळणारी मी, कंदमुळं न खाणारी मी, चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणारी मी. आणि त्या दिवशी काय झालं होतं ते मी त्या यादीत धरलंच नाही. मला सुचलंही नाही. सगळेच करत होते, डॉक्टर सांगत होते, घरातली मोठी माणसं ठरवत होती. ते एका घरचं होतं.

आकड्यानं ते एका घरचं राहू दिलं नाही. ८७० वाचलं आणि मला समजलं की त्या ज्या मुली कमी आहेत, त्यांतल्या एकीच्या वाटेवर डबा घेऊन मी होते. २०११ मध्ये हा आकडा ८८९ झाला, तेव्हा देशाचा ९१९ होता. थोडी सुधारणा आहे. पण मुंगीला वाट करून देणाऱ्या समाजाचा आकडा हा असावा का, हा प्रश्न पर्युषणात व्यासपीठावरून मी फारसा ऐकलेला नाही. साक्षरतेचा आकडा मात्र दर वर्षी ऐकते.

दुसरा आकडा कामाचा. २००१ मध्ये देशातल्या शंभर स्त्रियांत पंचवीस-सव्वीस जणी 'काम करणाऱ्या' म्हणून नोंदल्या गेल्या. जैन स्त्रियांत ९.२. सगळ्या धर्मांत सगळ्यात कमी. देशात सगळ्यात जास्त शिकलेल्या बायका आणि सगळ्यात कमी काम करणाऱ्या, असं ते कोष्टक म्हणतं.

यात खरं किती आणि नोंदीचा दोष किती? दोन्ही आहे. खरं हे की आम्हाला शिकवलं ते स्थळ चांगलं मिळावं म्हणून. नोकरी करणारी सून म्हणजे घराला कमीपणा, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. पण जनगणनेचा नियम असा आहे की घरच्या शेतीत किंवा धंद्यात पगार न घेता केलेलं कामही 'काम' धरायचं. मग रात्री अकरापर्यंत अडतीची खतावणी लिहिणारी मी १९८१ मध्ये काम करणारी होते की नाही? नियमानं होते. पण आमच्या घरानं सांगितलं, घरीच असते. मास्तरांनी तेच लिहिलं. माझ्यासारख्या किती जणी दुकानाच्या मागच्या खोलीत मसाले निवडत, पापड मोजत, उधारीची वही सांभाळत त्या ९१ टक्क्यांत बसल्या असतील?

आणि निव्वळ घरकामाचं काय? ते तर नियमानंही काम नाही. बी.कॉम.ला राष्ट्रीय उत्पन्नाच्या धड्यात पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचं एक उदाहरण होतं. एखाद्या माणसानं आपल्या घरकामाच्या बाईशी लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं, कारण ती तेच काम करते, पण आता तिला पगार नाही. वर्गात सगळे हसले होते, मीसुद्धा. सहा महिन्यांनी मी त्या उदाहरणात राहायला गेले.

हे पूर्वीपासून असंच होतं असंही नाही. इंग्लंडच्या १८५१च्या गणनेत घर सांभाळणाऱ्या पत्नी आणि आया यांना व्यवसायांच्या यादीत स्वतःची जागा दिलेली होती. १८८१ मध्ये त्यांना उचलून 'व्यवसाय नसलेले' या गटात टाकलं. काम तेच राहिलं, फक्त रकाना बदलला. आणि हे १८८१ तेच, ज्या वर्षी इकडे जैनांना स्वतःचा रकाना मिळाला.

आपल्या सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाचे २९९ मिनिटं जातात असं निघालं, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. घरकाम करणाऱ्या पुरुषाचे ९७. हा आकडा मी यजमानांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "९७? कुणाच्या घरी?" पुढं २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाचं मोल धरलं. २०११च्या गणनेत सुमारे १६ कोटी बायकांनी घरकाम हेच आपलं मुख्य काम म्हणून सांगितलं होतं, हा दाखला त्या निकालात आहे. १६ कोटी म्हणजे जगातल्या बहुतेक देशांच्या लोकसंख्येपेक्षा जास्त.

आता कल्पसूत्राकडे येते. त्यात भगवान महावीरांच्या संघाची गणती दिली आहे. साधू १४ हजार. साध्वी ३६ हजार. श्रावक १ लाख ५९ हजार. श्राविका ३ लाख १८ हजार. आपल्या दिगंबर परंपरेत श्रावक १ लाख आणि श्राविका ३ लाख सांगतात. आकडे थोडे इकडेतिकडे, पण दोन्हीकडे मांडणी एकच आहे. चार रकाने, त्यातले दोन बायकांचे, आणि ते दोन्ही मोठे. चौघं मिळून तीर्थ. श्राविका ही त्यात कोणाची बायको किंवा सून म्हणून मोजलेली नाही. तिनं व्रत घेतलं म्हणून ती मोजली आहे. तिच्या रकान्यापुढं 'घरीच असते' असं लिहिलेलं नाही.

आपल्या धर्माला मोजण्याची भीती कधीच नव्हती. आठ कर्मं, त्यांच्या १४८ प्रकृती, चौऱ्याऐंशी लक्ष योनी, एकशे आठ मणी. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्याची हिंदी भाषांतरासह आवृत्ती १९६३ मध्ये आपल्या सोलापुरातूनच निघाली. पण मला यात सगळ्यात जवळचं वाटतं ते परिग्रह-परिमाण व्रत. घर किती, सोनं किती, धान्य किती, कपडे किती हे आपणच मोजायचं, आकडा ठरवायचा आणि त्यापुढं जायचं नाही. इथं मोजणं आहे ते स्वतःला आवरण्यासाठी. आपण किती मोठे आहोत हे जगाला दाखवण्यासाठी नाही.

समाज म्हणून आपण उलटं करतो, असं मला वाटतं. ज्या आकड्यात आपण मोठे दिसतो तो फ्रेम करून लावतो. ज्यात आपली चूक दिसते ते पान उलटतो. किर्दीत असं चालत नाही. जमेची बाजू लिहिली की नावेची लिहावीच लागते, नाहीतर शिल्लक जुळत नाही.

महिला मंडळात मी हे सगळं बोलले नाही. एसटीची गोष्ट तर आज पहिल्यांदाच लिहिते आहे. जिची ती गोष्ट आहे तिला आधी फोन करून विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लिही. माझं नाव नको. पण लिही."

यंदा मोजायला कोणी आलं, की सोप्यात मी स्वतः बसणार आहे. धर्म जैन सांगेन. काय करता, असं विचारलं तर सांगेन की पंचेचाळीस वर्षं घर चालवलं, त्यातली वीस वर्षं अडतीचे हिशेब लिहिले, आता दोन नातींना सांभाळते. यासाठी कागदावर जो रकाना असेल त्यात ते खूण करतील. तो बदलणं माझ्या हातात नाही. पण शेजारी बसलेल्या नातीच्या कानावर 'घरीच असते' हे शब्द पडणार नाहीत, एवढं माझ्या हातात आहे.

आणि त्या रात्रीच्या प्रतिक्रमणात राहून गेलेली एक नोंद मी आता रोज धरते.

मिच्छामि दुक्कडं.